तिकिटाआधी शेताचे पंचांग: डोंगरउतारावरची भातशेती पाहायला नागपूरहून कसे जावे

नागपूरकराला धान नवे नाही. मौदा किंवा रामटेक ओलांडून भंडारा-गोंदियाकडे निघाले की जुलैत रोवणीला वाकलेल्या बायांच्या रांगा दिसतात आणि दिवाळीच्या सुमारास बांध्यांमध्ये कडपा (कापून वाळत टाकलेले धान) व रस्त्याकडेला पुंजणी (धानाच्या गंजी) दिसू लागतात. मात्र ही सगळी सपाटीवरची शेती आहे, आणि तिचे पाणी तलावातून किंवा पेंचच्या कालव्यातून येते. डोंगराच्या उतारावर पायऱ्या खोदून, प्रत्येक पायरीला बांध घालून केलेली भातशेती पाहण्यासाठी लांब जावे लागते. तेथे जाऊन निराश होऊन परतणाऱ्यांचे कारण बहुधा एकच असते: त्यांनी ठिकाण छायाचित्र पाहून ठरवलेले असते, तारीख मुलांच्या सुट्टीवरून ठरवलेली असते, आणि शेताला या दोन्हींशी काहीही देणेघेणे नसते. म्हणून या सहलीची आखणी नेहमीच्या उलट क्रमाने करावी. आधी शेताची कोणती अवस्था पाहायची ते ठरवावे, त्यावरून महिना काढावा, महिन्यावरून ठिकाण निवडावे आणि तिकीट सर्वांत शेवटी काढावे.

पाहण्यासारख्या अवस्था तीन आहेत. पहिली चिखलणी आणि रोवणीच्या आधीची, जेव्हा पायऱ्यांत नुसते पाणी असते आणि त्यात आकाश उतरते. दुसरी हिरवी, जी सर्वांत दीर्घ टिकते आणि म्हणून चुकण्याची शक्यता सर्वांत कमी असते. तिसरी लोंब्या भरून पिवळ्या पडल्यानंतरची. बहुतेक प्रसिद्ध छायाचित्रे हिचीच असतात, आणि ती जेमतेम दोन ते तीन आठवडे टिकते. त्यानंतर कापणी होते व उरतात ती धसकटे. एकाच डोंगरावर खालच्या आणि वरच्या पायऱ्या एका दिवशी पिकत नाहीत, त्यामुळे हंगामाच्या कडेला पोहोचलात तरी दोन-तीनशे मीटर वर किंवा खाली गेल्यास हवी ती अवस्था सापडू शकते. ही सवलत मोठी आहे. पण तिच्या भरवशावर महिनाच चुकवू नये.

आता हे पंचांग नागपूरच्या सुट्ट्यांशी जुळवून पाहू. उन्हामुळे विदर्भातील शाळा राज्याच्या इतर भागांपेक्षा उशिरा, जूनच्या अखेरीस उघडतात, आणि हा आपला मोठा फायदा आहे. मे-जूनमध्ये उत्तर व्हिएतनाममधील सापा व मू कांग चाय येथे पायऱ्यांत पाणी सोडले जाते, आणि फिलिपिन्समधील इफुगाओच्या डोंगरांत एप्रिल ते जून या काळात पीक हिरवेगार असते. दक्षिण चीनमधील लोंगजी येथेही मेअखेर ते जून हा पाण्याचा काळ असतो. सप्टेंबर हा पिवळ्या रंगाचा महिना: सापात ऑगस्टअखेरपासून साधारण सप्टेंबरच्या मध्यापर्यंत, मू कांग चायला सप्टेंबरच्या मध्यापासून ऑक्टोबरच्या सुरुवातीपर्यंत, आणि लोंगजीला सप्टेंबरअखेर ते ऑक्टोबरचा पूर्वार्ध. हा काळ बहुतेक वर्षी पितृपक्षाच्या आसपास येतो. त्या पंधरवड्यात प्रवासाला निघावे की नाही हा ज्याच्या त्याच्या घरचा प्रश्न आहे, पण पीक त्यासाठी थांबत नाही. दिवाळीच्या सुट्टीत मात्र व्हिएतनामच्या डोंगरांत कापणी उरकलेली असते. त्या वेळी जायचेच असेल तर चीनमधील युनान प्रांतातले युआनयांग पाहावे, कारण तेथे कापणीनंतर पायऱ्या पुन्हा पाण्याने भरून ठेवतात आणि नोव्हेंबरपासून मार्च-एप्रिलपर्यंत त्या तशाच राहतात.

निघण्यापूर्वी उताराचे गणित समजून घेतले तर पाहणे निराळे होते. पायऱ्या वाकड्यातिकड्या असतात त्या सौंदर्यासाठी नव्हे. पाणी एका पातळीत उभे राहावे म्हणून बांध डोंगराच्या समान उंचीच्या रेषेवरूनच न्यावा लागतो, आणि डोंगर जसा वळेल तसा बांध वळतो. उतार जितका तीव्र तितकी पायरी अरुंद आणि बांध उंच. पाणी माथ्यावरच्या रानातून झिरपून पाटाने सर्वांत वरच्या पायरीत येते, आणि प्रत्येक बांधाला ठेवलेल्या तोंडातून खालच्या पायरीत उतरते. म्हणजे वरचे रान तुटले की खालची शेती वाळते. युआनयांगच्या ‘हानी’ नावाच्या समाजाने रान, गाव, पायऱ्या आणि पाणी यांची वरून खाली अशीच मांडणी केली आहे. पाट जेथे फुटतो तेथे खाचा पाडलेले लाकूड आडवे टाकतात आणि खाचेच्या रुंदीवरून कोणाला किती पाणी ते ठरते. या प्रदेशाला २०१३ साली युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत स्थान मिळाले. इफुगाओमध्ये पायऱ्यांच्या वरचे खासगी रान राखण्याची प्रथा आहे, त्या रानाला मुयोंग म्हणतात. कोणत्याही ठिकाणी पोहोचल्यावर आधी वर पाहावे, रान कोठे आहे व पाट कोठून येतो ते शोधावे, आणि मग खाली पाहावे, असा माझा आग्रह आहे. अर्ध्या तासात त्या गावाची सगळी व्यवस्था डोळ्यांपुढे उभी राहते.

समृद्धीवरून अकोले तालुक्यात

परदेशाचा खर्च करण्याआधी सह्याद्रीत एक फेरी करावी, हे मी केवळ पैशांसाठी सुचवत नाही. नागपूरच्या पायांना चढ-उताराची सवय नसते, आणि ओल्या बांधावरून तोल सांभाळणे हे कौशल्य सेमिनरी हिल्सच्या डांबरी रस्त्यावर येत नाही. रामटेकच्या गडाच्या पायऱ्या काही आठवडे नेमाने चढल्या-उतरल्या तर गुडघ्यांना थोडी ओळख होते, एवढेच.

समृद्धी महामार्ग जून २०२५ मध्ये इगतपुरीपासून ठाणे जिल्ह्यातील आमणेपर्यंत, म्हणजे पूर्ण ७०१ किलोमीटर, खुला झाला. आपल्याला त्यापैकी शिवमडक्यापासून इगतपुरीपर्यंतचे सुमारे ६२५ किलोमीटर लागतात. मोटारीला ताशी १२० किलोमीटरची मर्यादा आहे आणि दुचाकींना या रस्त्यावर प्रवेश नाही. सरळ, एकसुरी काँक्रीटवर चालकाला गुंगी येते आणि उन्हाने टायर तापतात. म्हणून निघण्यापूर्वी टायर व हवेचा दाब तपासून घ्यावा, दर दोन तासांनी थांबावे आणि डबा घरून न्यावा. रेल्वेने जायचे तर मुंबईकडे जाणाऱ्या अनेक गाड्या इगतपुरीला थांबतात. दसऱ्याच्या आसपास परतीचे आरक्षण मिळणे अवघड असते, कारण दीक्षाभूमीवर येणाऱ्यांची त्या दिवसांत सगळ्याच गाड्यांना गर्दी असते. त्यानुसार तारीख मागेपुढे करावी.

इगतपुरीहून घोटी, बारी, शेंडी असे करत अकोले तालुक्यातील भंडारदऱ्याला पोहोचता येते. कळसूबाई हे राज्यातील १६४६ मीटर उंचीचे सर्वोच्च शिखर याच वाटेवर आहे. शेंडीत मुक्काम करून रतनवाडी, साम्रद आणि घाटघर या बाजूंना जावे. येथे भाताच्या शेतांना खाचरे म्हणतात आणि रोवणीला आवणी. जूनच्या आधी पालापाचोळा जाळून रोपांसाठी जमीन भाजतात, त्याला राब म्हणतात. आवणी जुलैत होते. त्या काळात घाटघरकडे पाऊस इतका दाट असतो की खाचर दिसण्याऐवजी ऐकूच जास्त येते. म्हणून केवळ शेती पाहायची असेल तर ऑगस्टच्या उत्तरार्धापासून ऑक्टोबरच्या मध्यापर्यंतचा काळ उत्तम. हळव्या जाती आधी पिकतात, गरव्या उशिरा. त्यामुळे ऑक्टोबरमध्ये एकाच उतारावर पिवळी आणि हिरवी खाचरे शेजारी शेजारी दिसतात, आणि माझ्या मते सह्याद्रीतले हेच सर्वांत देखणे दृश्य आहे. शनिवार-रविवार टाळावेत, विशेषतः पावसाळ्यात. मुंबई, पुणे आणि नाशिकच्या मोटारी तेव्हा एकाच अरुंद रस्त्यावर अडकलेल्या असतात.

या पायऱ्या आग्नेय आशियातील पायऱ्यांएवढ्या उंच चढत नाहीत, हे आधीच सांगून ठेवतो. पण येथे शेतकऱ्याशी आपल्याच भाषेत बोलता येते, आणि ही सोय पुढे कोठेही मिळणार नाही. पाणी कोणाच्या खाचरातून कोणाच्या खाचरात उतरते, बांध फुटला तर दुरुस्ती कोणी करायची, कोणते भात कोणत्या जमिनीत येते, हे सगळे येथेच विचारून घ्यावे. देशी वाणांचे बियाणे जपण्याच्या कामासाठी २०२० साली पद्मश्री जाहीर झालेल्या राहीबाई पोपेरे याच अकोले तालुक्यातील कोंभाळण्याच्या आहेत. या भागात देशी भाताबद्दल बोलायला लोक उत्सुक का असतात, ते यावरून समजावे.

सापा आणि मू कांग चाय

पहिल्या परदेशवारीसाठी मी उत्तर व्हिएतनाम सुचवेन. नागपूरहून थेट विमान नाही. कोलकाता, दिल्ली किंवा मुंबईमार्गे हनोईला जावे लागते. आपल्याकडून कोलकाता भौगोलिकदृष्ट्या योग्य दिशेला आहे, त्यामुळे तेथून हनोईचे थेट विमान सोयीच्या वेळी मिळते का हे आधी पाहावे. ई-व्हिसा व्हिएतनाम सरकारच्या अधिकृत संकेतस्थळावरूनच काढावा. एकदा प्रवेश देणाऱ्या व्हिसाचे शुल्क २५ डॉलर आहे आणि तो जास्तीत जास्त ९० दिवसांचा मिळतो. शोध घेतला की दलालांची संकेतस्थळे आधी दिसतात आणि ती दुप्पट-तिप्पट पैसे घेतात. अर्जात नाव भरताना पारपत्रावर जसे आहे तसेच भरावे. आपल्याकडे वडिलांचे किंवा पतीचे नाव मधल्या जागी असते. ते गाळले तर विमानतळावर वाद होतो. ज्या विमानतळावर उतरणार तोही अर्जात नोंदवावा लागतो.

हनोईहून सापा साधारण ३२० किलोमीटर आहे. बसने पाच-सहा तास लागतात, किंवा रात्रीच्या रेल्वेने लाओ कायला उतरून तेथून घाटाने वर जाता येते. सापा हे शहर सुमारे १५०० मीटर उंचीवर आहे आणि, स्पष्टच सांगायचे तर, पाहण्यासारखे राहिलेले नाही. हॉटेलांची बांधकामे डोंगर झाकत चालली आहेत. तेथे एक रात्र पुरे. दुसऱ्या दिवशी सकाळी मुओंग होआ खोऱ्यात उतरावे आणि लाओ चाय व ता वान या गावांपर्यंत चालत जाऊन गावातल्याच घरी मुक्काम करावा. ह्मोंग, दाओ आणि जाय समाजाची ही गावे आहेत. ह्मोंग बाया सापापासूनच सोबत चालू लागतात, घसरड्या ठिकाणी हात देतात, आणि शेवटी पिशवीतून विणलेल्या वस्तू काढून विकत घेण्याचा आग्रह करतात. हे आवडत नसेल तर पहिल्या शंभर पावलांतच हसून नकार द्यावा. चार तास हात धरून चालल्यावर नकार देणे शोभत नाही. आधी मोबदला ठरवून एखादीला वाटाड्या म्हणून घेणे सर्वांत चांगले. लहान मुलांकडून मात्र काही विकत घेऊ नये, कारण विक्री होत राहिली की ती शाळा सोडून देतात.

सापात धुके दोन-दोन दिवस हलत नाही, हे गृहीत धरूनच आखणी करावी. डिसेंबर ते फेब्रुवारी हा काळ तर टाळावाच. एका रात्रीची सहल म्हणजे जुगार आहे; खोऱ्यात किमान दोन रात्री ठेवाव्यात.

वेळ हाताशी असेल तर तेथून ओ क्वी हो घाट ओलांडून मू कांग चायला जावे. हनोईहून थेट जायचे तर सुमारे ३०० किलोमीटर आणि सहा-सात तासांचा प्रवास पडतो. येथील ला पान तान, चे कू न्या आणि दे शू फिन्ह या गावांच्या पायऱ्यांना २००७ साली राष्ट्रीय वारसा म्हणून मान्यता मिळाली. ला पान तानजवळची माम सोई टेकडी सर्वांत प्रसिद्ध आहे: एका गोल टेकडीभोवती पायऱ्यांची वलये एकाआत एक चढत जातात. वर जाणारा रस्ता अरुंद आणि चिखलाचा असल्याने स्थानिक दुचाकीवाल्याच्या मागे बसून जाणे श्रेयस्कर. स्वतः दुचाकी भाड्याने घेण्याचा मोह आपल्याकडच्या तरुणांना हमखास होतो, म्हणून येथे थोडे सविस्तर सांगतो. भारतात मिळणारा आंतरराष्ट्रीय वाहन परवाना १९४९ च्या करारानुसार असतो, तर व्हिएतनाम १९६८ च्या कराराचा परवाना मानतो. म्हणजे भाड्याने देणाऱ्याने किल्ली दिली तरी कायद्याच्या दृष्टीने तुम्ही विनापरवाना असता, आणि अपघात झाला तर प्रवास विमा हात वर करण्याची शक्यता मोठी असते.

मू कांग चायहून हनोईकडे परतताना खाउ फा घाट उतरला की तू ले नावाचे खोरे लागते. येथील चिकट तांदूळ नावाजलेला आहे आणि सप्टेंबरमध्ये अर्धवट पिकलेल्या लोंब्या भाजून, कांडून कोम नावाचा पदार्थ करतात. दिसायला तो हिरव्या कोवळ्या पोह्यांसारखा असतो, चवीला किंचित गोड आणि दाताखाली चिवट. केळीच्या किंवा कमळाच्या पानात बांधून देतात. तो त्याच दिवशी खावा. पैसे देताना नोट नीट पाहावी, कारण २० हजार आणि ५ लाख डाँगच्या दोन्ही नोटा निळसर असतात आणि संध्याकाळच्या उजेडात त्यांची अदलाबदल सहज होते. २ सप्टेंबर हा तेथील राष्ट्रीय दिन आहे. त्याला जोडून येणाऱ्या सुट्टीत सापाकडे फिरकू नये.

इतर ठिकाणांबद्दल थोडक्यात सांगतो. इफुगाओच्या पायऱ्या १९९५ साली जागतिक वारसा यादीत आल्या, आणि २००१ ते २०१२ या काळात त्या धोक्यातील वारशांच्या यादीत होत्या. मनिलाहून बानावेला रात्रभर बसचा प्रवास आहे. बानावेच्या प्रसिद्ध दृश्यस्थळावरून दिसणाऱ्या पायऱ्या जागतिक वारसा क्षेत्रात मोडत नाहीत. मोडतात त्या बाताद, बांगाआन, मायोयाव, हुंगदुआन आणि नागाकादान येथील. म्हणून चालत बातादपर्यंत जाणे झाले नाही तर एवढ्या लांब जाण्यात अर्थ नाही. बालीत वर्षभर कोठे ना कोठे पीक उभे असते, त्यामुळे ज्यांना तारखा बदलताच येत नाहीत त्यांच्यासाठी ते ठीक आहे. उबुदजवळचे तेगलालांग झोके आणि फोटोच्या चौकटींनी भरलेले आहे. त्यापेक्षा जातिलुविह मोठे आणि शांत आहे. तेथील ‘सुबक’ नावाच्या पाणीवाटपाच्या व्यवस्थेला २०१२ साली जागतिक वारशाचा दर्जा मिळाला. आपल्याच देशात नागालँडमधील खोनोमा हे अंगामी लोकांचे गाव कोहिमापासून सुमारे २० किलोमीटरवर आहे. त्यासाठी इनर लाइन परमिट, म्हणजे बाहेरच्यांना लागणारा प्रवेश परवाना, लागते. नागालँडचा हॉर्नबिल महोत्सव १ ते १० डिसेंबर असतो, पण तोपर्यंत तेथील शेते कापलेली असतात. दोन्ही एकाच फेरीत साधण्याचा हट्ट धरू नये.

बांधावर आणि कॅमेऱ्यामागे

बांध ही वाट आहे, पण ती आधी भिंत आहे. चिखलणीच्या दिवसांत बांधाला ताज्या चिखलाचा लेप दिलेला असतो. जवळून पाहिले तर त्यावर तळहाताचे आणि फावड्याच्या पात्याचे ठसे स्पष्ट दिसतात. अशा बांधावर पाय ठेवू नये. कडा ढासळली तर पाणी खालच्या पायरीत जाते, आणि वेळीच लक्षात आले नाही तर तेथून आणखी खाली. वाळलेल्या बांधावरून चालताना एका मागोमाग एक, मधोमध आणि पाऊल सपाट टाकत चालावे. समोरून भारा घेतलेला माणूस आला तर आपण थांबून बाजू द्यावी, पण बाजू देताना रोपांत उतरू नये. पाण्याच्या तोंडाशी ठेवलेला दगड किंवा बांबूचा तुकडा हलवू नये, कारण तो कोणीतरी मोजून ठेवलेला असतो. बुटांचे तळ खाचांचे असावेत; सापात रबरी गमबूट भाड्याने मिळतात आणि पावसात तेच उपयोगी पडतात. छत्रीचा बांधावर उपयोग नाही, रेनकोट न्यावा.

छायाचित्रांसाठी शेतात उतरण्याची गरज नसते. पायऱ्यांची रचना समोरच्या डोंगरावरून दिसते, आतून नाही. सूर्य तिरपा असताना, म्हणजे सकाळी आणि दुपारी चारनंतर, बांधांच्या सावल्या पडतात व पायऱ्या सुट्या होतात. भर दुपारी सगळा उतार एकसारखा सपाट भासतो. पाण्याच्या हंगामात भिंगावर पोलरायझर लावू नये, कारण तो नेमके तेच प्रतिबिंब काढून टाकतो ज्यासाठी आपण गेलो. हिरव्या हंगामात मात्र तो पानांची चमक कमी करून रंग गडद करतो. ड्रोन नेण्याआधी त्या देशाचे नियम पाहावेत. रोवणी करणाऱ्यांचे फोटो काढण्यापूर्वी निदान मान हलवून परवानगी घ्यावी. आपल्या बांधीत कोणी न विचारता कॅमेरा घेऊन उभे राहिले तर आपल्याला काय वाटेल, एवढाच विचार पुरेसा आहे.

शाकाहारी मंडळींनी व्हिएतनाममध्ये ‘आन चाय’ हे दोन शब्द पाठ करावेत. त्याचा अर्थ शाकाहारी जेवण असा आहे आणि तेथील बौद्ध परंपरेमुळे तो सर्वत्र समजतो. नुसते ‘मांस नको’ म्हटले तर भाजीत नुओक माम, म्हणजे माशापासून केलेला सॉस, हटकून येतो. चिवडा आणि दशम्या दोन दिवस पुरतील एवढ्या न्याव्यात, त्याहून जास्त ओझे वाहू नये.

ज्यांच्या घरी धानाची शेती आहे, त्यांचा हात परतताना एखाद्या लोंबीकडे जातोच. परदेशातून धानाचे बी, लोंब्या किंवा रोप खिशात घालून आणू नये. भारताच्या वनस्पती संगरोधाच्या (क्वारंटाइनच्या) २००३ च्या आदेशानुसार त्यासाठी आधी आयात परवाना आणि त्या देशाचे वनस्पती-आरोग्य प्रमाणपत्र लागते, कारण एका मूठभर बियाण्यासोबत येणारा रोग किंवा कीड साकोली-लाखांदूरच्या बांध्यांपर्यंत पोहोचायला वेळ लागत नाही. अकोले तालुक्यातून गावठी तांदूळ आणायला मात्र काहीच अडचण नाही. तो शेतकऱ्याच्या घरूनच घ्यावा आणि कोणत्या खाचरातला, हळवा की गरवा, हेही विचारून घ्यावे.